पट्टीच्या वाचकाला चरित्र सुचवायचं तर

“एखादं चांगलं आत्मचरित्र सुचव ना.” हे नवख्या वाचकाने म्हटलं तर काम सोपं असतं. जिभेवर येतील ती पाच नावं सांगायची, त्यातलं एखादं लागू पडतंच. पण वर्षाला साठ-सत्तर पुस्तकं फस्त करणाऱ्या माणसाने हेच म्हटलं की पंचाईत होते. आपली पाचही नावं त्याने वाचलेली असतात, दोन त्याला आवडलेली नसतात आणि एक तर त्यानेच आपल्याला कधीतरी वाचायला दिलेलं असतं.

माझ्या ओळखीचे एक निवृत्त इंजिनिअर आहेत. त्यांना मी बरेच दिवस शास्त्रज्ञांची, उद्योजकांची, पूल आणि धरणं बांधणाऱ्यांची चरित्रं देत होतो. ते सगळी वाचायचे आणि “छान आहे” म्हणून परत करायचे. “छान आहे” हा वाचकाचा सगळ्यात सभ्य नकार असतो, हे मला तेव्हा कळत नव्हतं. एकदा गप्पांत लक्ष्मीबाई टिळकांचा विषय निघाला. ‘स्मृतिचित्रे’ वाचलंय, असं ते ठामपणे म्हणाले. खोदून विचारल्यावर कळलं की शाळेत धडा होता, तेवढंच वाचलेलं. मग अख्खं पुस्तक दिलं. चौथ्या दिवशी रात्री साडेदहाला फोन आला. लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याचं वेड वाचून हे एकटेच हसत बसले होते आणि घरच्यांना यांची काळजी वाटायला लागली होती. त्यांना इंजिनिअर नकोच होते. स्वतःवर हसू शकणारं माणूस हवं होतं.

तेव्हापासून चरित्र कोणाचं आहे हे मी सगळ्यात शेवटी बघतो. आधी बघतो ते सांगणारा कोण, तो किती अंतरावरून सांगतोय आणि काय गाळतोय. पुढची पद्धत त्यातूनच बसत गेली.

## पहिली पायरी: विचारा, पण आवड विचारू नका

“कुठल्या क्षेत्रातलं वाचायला आवडतं?” हा प्रश्न बिनकामाचा आहे. वाचक “इतिहास” किंवा “कलाकार” असं काहीतरी सांगतो आणि आपण त्या खणात हात घालून चुकीचं पुस्तक काढतो. त्याऐवजी मी तीन गोष्टी विचारतो.

अलीकडे कोणतं चरित्र अर्धवट सोडलं, आणि साधारण कुठे? या उत्तरात बरंच काही असतं. पहिल्या चाळीस पानांत सोडलं असेल तर वंशावळ नडली. कितीतरी आत्मचरित्रं पणजोबांपासून सुरू होतात आणि नायक जन्माला येईपर्यंत वाचक दमतो. दोन-तृतीयांशाच्या पुढे सोडलं असेल तर दुखणं वेगळं. माणूस यशस्वी झाला की त्याचं आत्मचरित्र बहुधा पडतं. बालपण, वणवण, पहिली नोकरी, पहिली फजिती इथपर्यंत सगळं जिवंत असतं. मग सत्कार, दौरे, समित्या आणि थोरामोठ्यांच्या भेटी सुरू होतात. तिथे कंटाळणाऱ्या वाचकाला फक्त बालपणावर किंवा एखाद्याच कालखंडावर लिहिलेलं पुस्तक द्यावं.

दुसरा प्रश्न, कोणतं पुस्तक पुन्हा वाचलं? चरित्रच असायला हवं असं नाही. कादंबरी, प्रवासवर्णन, पाकक्रियेचं पुस्तक, काहीही चालेल. पुन्हा वाचणारा माणूस माहितीसाठी वाचत नसतो, त्याला तो आवाज पुन्हा ऐकायचा असतो. त्या आवाजाचा जवळचा नातलग शोधणं हे आपलं काम.

तिसरा प्रश्न नाजूक आहे आणि तो थेट विचारायचा नसतो. सध्या त्याचं कसं चाललंय? झोपण्यापूर्वी दहा मिनिटं वाचतोय की सलग दुपार मिळते? घरात आजारपण आहे का, कोणी गेलंय का? हे गप्पांतून समजून घ्यावं. मी एकदा नुकतीच आई गेलेल्या मैत्रिणीला दुःखावरचं एक गाजलेलं आठवणींचं पुस्तक दिलं होतं. तिने ते न उघडता परत केलं आणि म्हणाली, “हे मला दोन वर्षांनी दे.” दोन वर्षांनी दिलं, तेव्हा तिने वाचलं. तेव्हापासून दुःखात असलेल्या माणसाला त्याच्याच दुःखाचं पुस्तक मी आपणहून देत नाही. त्याने मागितलं तर गोष्ट वेगळी.

## दुसरी पायरी: काय देतोय त्याचं नाव नीट माहीत हवं

चरित्र, आत्मचरित्र, आत्मकथन, आठवणी, रोजनिशी, व्यक्तिचित्रं, चरित्रात्मक कादंबरी हे शब्द आपण एकाच टोपलीत टाकतो. वाचकाची निराशा पुष्कळदा तिथून सुरू होते.

आत्मचरित्राने जन्मापासून आजवरचा हिशेब द्यावा अशी अपेक्षा असते. आठवणींना ते बंधन नाही. सुनीता देशपांडे यांचं ‘आहे मनोहर तरी’ (1990) सनावळीने जात नाही, आठवण जाईल तिकडे जातं. तारखा शोधणारा वाचक त्यात चिडतो आणि मनाचा माग काढणारा रमतो. ‘आत्मकथन’ हा शब्द मराठीत रुळला तो मुख्यतः दलित लेखनासोबत. दया पवारांचं ‘बलुतं’ 1978 चं, लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ 1980 चं. यांत ‘मी’ असतो, पण त्याच्या मागे अख्खी वस्ती उभी असते. बेबी कांबळे यांनी तर शीर्षकातच ‘जिणं आमुचं’ म्हटलं. एका माणसाच्या कर्तबगारीचा चढता आलेख शोधत कोणी या पुस्तकात शिरलं तर चुकेल. तिथे सांगायचंय ते एका समाजाचं जगणं.

रोजनिशीचं सगळं बळ अज्ञानात असतं. ॲन फ्रँकने 12 जून 1942 ला डायरी सुरू केली आणि शेवटची नोंद 1 ऑगस्ट 1944 ची आहे. पुढे काय होणार हे वाचकाला ठाऊक असतं, लिहिणारीला नसतं. हा ताण कुठल्याही आत्मचरित्रात येत नाही, कारण आत्मचरित्र लिहिणाऱ्याला शेवट माहीत असतो.

चरित्रात्मक कादंबरीबद्दल मराठीत जरा जास्तच सावध राहावं लागतं. ‘स्वामी’ वाचून माधवराव पेशव्यांचं चरित्र वाचल्याचं समाधान मानणारे कितीतरी जण मला भेटले आहेत. त्यांना दुरुस्त करायला जाऊ नये, त्यांचा हिरमोड होतो आणि आपल्याला काही मिळत नाही. अशा वाचकाला मधला टप्पा द्यावा. आनंद यादवांचं ‘झोंबी’ आत्मचरित्रात्मक कादंबरी म्हणून ओळखलं जातं. त्यात कादंबरीची पकड आहे आणि शिकण्यासाठी बापाशी झगडणाऱ्या पोराचं खरं आयुष्यही. ते आवडलं की ‘नांगरणी’, ‘घरभिंती’, ‘काचवेल’ हे पुढचे भाग आहेतच. ‘श्यामची आई’सुद्धा याच सीमारेषेवर उभी आहे. साने गुरुजींनी ती 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली, रोज रात्री गोष्ट सांगण्याच्या बेतावर. तिला आत्मचरित्र म्हणणारे आणि कादंबरी म्हणणारे दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत.

## तिसरी पायरी: पुस्तक हातात घेऊन तपासा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्यावा. पट्टीच्या वाचकाला चुकीची आवृत्ती दिली तर तो ते विसरत नाही.

कोणता पाठ, म्हणजे मजकुराचं कोणतं रूप, छापलंय? विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ घ्या. 1857 साली यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघालेला हा भिक्षुक बंडाच्या ऐन धुमाळीत सापडला, झाशीच्या वेढ्यात आत होता आणि जिवंत परत आला. ही हकिगत चिंतामणराव वैद्यांनी 1907 मध्ये छापली, पण स्वतःची कात्री आणि लेखणी चालवून. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी केलेली आवृत्ती यायला 1966 उजाडलं. दोन्हींची चव वेगळी आहे. जाणत्या वाचकाला देताना प्रस्तावना उघडून कोणता पाठ छापलाय ते बघाच. डार्विनच्या बाबतीत हेच झालं. त्याने मुलाबाळांसाठी लिहिलेलं छोटं आत्मचरित्र मुलाने 1887 मध्ये धर्मविषयक मजकूर गाळून छापलं, आणि गाळलेला भाग नातीने 1958 मध्ये परत घातला. ॲन फ्रँकनेही आपली डायरी छापण्यासाठी स्वतः पुन्हा लिहायला घेतली होती. पहिल्या आवृत्तीसाठी वडिलांनी त्यातला काही मजकूर वगळला, तो पुढच्या आवृत्त्यांत आला.

अनुवाद असेल तर शीर्षकपानावरचा शब्द वाचा. ‘अनुवाद’, ‘स्वैर अनुवाद’, ‘भावानुवाद’, ‘रूपांतर’, ‘संक्षिप्त’ या प्रत्येकाचा अर्थ वेगळा. मूळ सहाशे पानांचं आणि मराठी दोनशेचं असेल तर काय गेलंय ते तुम्हाला ठाऊक हवं. साधारणपणे तळटीपा, पत्रं आणि अवघड प्रकरणं जातात. चांगला वाचक नेमका त्यांच्यासाठीच आलेला असतो.

पुस्तक कुठल्या वर्षी थांबतं? हे फार कमी लोक बघतात. गांधीजींचं ‘सत्याचे प्रयोग’ 1925 ते 1929 या काळात ‘नवजीवन’मध्ये हप्त्याहप्त्याने आलं आणि त्यातली कथा 1921 च्या सुमारास संपते. दांडीयात्रा 1930 ची. मीठ शोधत निघालेल्या वाचकाला ते मिळणार नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. नेहरूंनी आपलं आत्मचरित्र 1934-35 मध्ये तुरुंगात लिहिलं, ते 1936 मध्ये आलं. त्यात पंतप्रधान नेहरू नाहीत. एक एकटा, स्वतःशीच वाद घालणारा कैदी आहे, आणि माझ्या मते म्हणूनच ते इतकं वाचनीय आहे.

लिहिलं कोणी? हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’ (1970) अरुण साधूंनी शब्दबद्ध केलं. श्याम बेनेगलांचा ‘भूमिका’ त्याच्यावरच बेतलेला. ‘अग्निपंख’ म्हणून मराठीत आलेलं कलामांचं पुस्तक अरुण तिवारींच्या सोबतीने लिहिलेलं. टेनिसपटू आंद्रे अगासीच्या ‘ओपन’मागे (2009) जे. आर. मोह्रिंगर हा कसलेला लेखक होता, आणि मुखपृष्ठावर त्याचं नाव नाही. शब्दांकन हा दोष नव्हे. शब्दांकन करणारा नीट ऐकणारा असेल तर पुस्तक बोलतं, नाहीतर ते प्रसिद्धिपत्रक होतं. ओळखायची खूण अशी: सांगणारा माणूस स्वतःला वाईट दिसू देतो का? अगासी सुरुवातीलाच सांगून टाकतो की ज्या खेळाने त्याला सगळं दिलं तो खेळ त्याला आवडतच नाही. अशा पुस्तकावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

काय गाळलंय? अगाथा ख्रिस्ती 1926 मध्ये अकरा दिवस बेपत्ता होती. पोलीस, वर्तमानपत्रं, सगळे तिला शोधत होते. तिच्या मृत्यूनंतर 1977 मध्ये आलेल्या जाडजूड आत्मचरित्रात त्या अकरा दिवसांबद्दल अवाक्षर नाही. हे आधी सांगून पुस्तक दिलं की पट्टीचा वाचक ते दुप्पट उत्साहाने वाचतो, कारण आता त्याला ती पोकळी कुठे झाकलीय ते शोधायचं असतं. न सांगता दिलं तर तो फसवल्यासारखा परत येतो.

चरित्र असेल, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेलं, तर आणखी एक कसोटी लावा. “त्या रात्री त्यांच्या मनात विचारांचं काहूर माजलं होतं” असं वाक्य आलं की थांबायचं. हे चरित्रकाराला कुठून कळलं? पत्र आहे, रोजनिशी आहे, कोणाला सांगितल्याची नोंद आहे? काहीच नसेल तर ते काहूर चरित्रकाराचं आहे. मराठीतल्या पहिल्या चरित्राने याबाबत फार चांगला धडा घालून दिलाय. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात ‘लीळाचरित्र’ रचलं ते महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या सहवासातल्या माणसांकडे जाऊन, आठवणी विचारून आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून. म्हणूनच त्यातली बोलणी आजही कानावर पडल्यासारखी वाटतात.

याच्या उलट टोकाला गौरवचरित्र. जन्मशताब्दी समितीने लिहून घेतलेलं, चार मान्यवरांच्या प्रस्तावना, मधे हारतुऱ्यांचे गुळगुळीत फोटो, आणि नायकाला एकही शत्रू नाही. असलं पुस्तक सुचवायचं असेल तर फक्त संदर्भासाठी. इंग्रजीत लिटन स्ट्रॅचीने 1918 मध्ये चार थोर व्हिक्टोरियन व्यक्तींवर तिरकस, छोटेखानी चरित्रलेख लिहून ही भक्तिभावाची परंपरा मोडीत काढली. मराठीत ती मोडली असं मला छातीठोकपणे म्हणता येणार नाही.

चाचणी म्हणून तीन ठिकाणी वाचा. पहिलं पान, नायकाची एखादी मोठी चूक जिथे येते ते पान, आणि शेवटचं प्रकरण. चूक कबूल करणारं पान सापडलंच नाही तर पुस्तक खाली ठेवा.

## चौथी पायरी: जुळवणी

इथे नियम नाहीत, अंदाज आहेत. माझे सांगतो.

इतिहासाच्या वाचकाला राजाचं चरित्र देण्याऐवजी राजाच्या आसपास वावरलेल्या किंवा इतिहासाच्या तडाख्यात सापडलेल्या साध्या माणसाचं लेखन द्या. गोडसे भटजी झालेच. दुसरं, बनारसीदासांचं ‘अर्धकथानक’. आग्र्याच्या या जैन व्यापारी-कवीने 1641 मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, ब्रजमिश्रित भाषेत पद्यातून आपलं आयुष्य सांगितलं. माणसाचं पूर्ण आयुष्य 110 वर्षांचं धरून हे अर्धं, म्हणून ते नाव. व्यापारात खाल्लेली ठोकर, गेलेली मुलं, स्वतःचे गुण आणि अवगुण दोन्ही सरळ मांडले आहेत. अकबर वारल्याची बातमी ऐकून जिन्यावरून कोसळलेला तरुण इथे भेटतो. बादशाहाच्या चरित्रात तो कुठून भेटणार? राजाच हवा असा हट्ट असेल तर बाबराकडे पाठवा. ‘बाबरनामा’त वर्षांच्या वर्षांच्या नोंदी हरवलेल्या आहेत, पण जे उरलंय त्यात पराभव लपवलेले नाहीत.

कादंबरी वाचणाऱ्याला संसार द्या. मराठीत बायकांनी लिहिलेल्या आत्मचरित्रांची जी रांग आहे तिच्याइतकं समृद्ध दालन मला तरी दुसरं दिसत नाही. रमाबाई रानड्यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ 1910 चं, लक्ष्मीबाईंचं 1934 पासून भागाभागाने आलेलं, पुढे दुर्गा खोटे, सुनीता देशपांडे, माधवी देसाई, मल्लिका अमर शेख, उर्मिला पवार. एकाच माणसाला सगळी लागोपाठ देऊ नका. मल्लिका अमर शेख यांचं ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ (1984) आणि रमाबाईंचं पुस्तक एकाच आठवड्यात वाचणं म्हणजे बर्फातून थेट आगीत जाणं. काहींना तेच आवडतं, हेही खरं.

विज्ञानवाल्यांना मी हल्ली शोधांची पुस्तकं देत नाही, माणसांची देतो. रिचर्ड फाइनमनच्या किश्श्यांचं पुस्तक (1985) राल्फ लेटनशी झालेल्या गप्पा ध्वनिमुद्रित करून तयार झालं. म्हणून ते वाचताना कोणीतरी शेजारी बसून फुशारक्या मारतंय असं वाटतं. काहींना ती फुशारकी सोसत नाही. त्यांना जयंत नारळीकरांचं ‘चार नगरांतले माझे विश्व’ द्यावं. वाराणसी, केंब्रिज, मुंबई, पुणे असा संथ, नीटनेटका प्रवास आहे. तो कोणाला फारच नीटनेटका वाटला तर आश्चर्य नाही, पण त्याची कुणालाच गरज नसते असंही नाही.

जाडजूड ग्रंथांचा शौकीन ही वेगळी जात. त्याला पानं मोजून आनंद होतो. त्याच्यासाठी चांगदेव खैरमोडे यांनी लिहिलेलं आंबेडकरांचं बारा खंडांचं चरित्र आहे. पहिला खंड 1952 मध्ये, बाबासाहेब हयात असतानाच निघाला. आधी नकाशा हवा असेल तर धनंजय कीरांचं एकखंडी चरित्र वाचायला सांगा आणि मग खैरमोड्यांच्या जंगलात सोडा. इंग्रजी वाचणाऱ्याला रॉबर्ट कॅरोचं अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्यावरचं काम: 1982 ते 2012 या तीस वर्षांत चार खंड. सत्ता कशी चालते हे त्यातून कळतं, जॉन्सन आवडो न आवडो.

वेळ नसलेल्या, दमलेल्या वाचकाला व्यक्तिचित्रं. पु. ल. देशपांडे यांचं ‘गणगोत’ एका बैठकीत एक माणूस या हिशेबाने जातं. डार्विनचं आत्मचरित्रही अगदी छोटं आहे, रविवारी दुपारी उरकतं.

## पाचवी पायरी: जोडीने द्या

अट्टल वाचकाला एका पुस्तकापेक्षा दोन पुस्तकांमधली फट जास्त भुलवते. रमाबाई आणि लक्ष्मीबाई शेजारी ठेवा. दोघींचे नवरे नामवंत, दोघी लग्नानंतर शिकलेल्या. एकीच्या पुस्तकाच्या मध्यभागी नवरा देवासारखा बसलाय. दुसरीचा नवरा हृदयाने मोठा, व्यवहारात अवघड, आणि बायको त्याच्यावर जीव टाकत त्याच्या फजित्याही सांगतेय. कुठलं लग्न खरं, हा वाद वाचकाला महिनाभर पुरतो.

‘बलुतं’ आणि ‘आयदान’ यांच्यात पंचवीस वर्षांचं अंतर आहे. उर्मिला पवारांचं पुस्तक 2003 चं. आई आयदानं, म्हणजे बांबूच्या टोपल्या-सुपं, विणायची आणि मुलगी लिहिते, या दोन विणकामांचं नातं त्या पुस्तकभर आहे. पहिल्यातली वस्ती पुरुषाच्या नजरेतून दिसली, दुसऱ्यात बाई बघतेय.

आणखी एक जोडी मला फार आवडते, ती लढाई न लढलेल्यांची. पानिपतावर 1761 मध्ये अठरा वर्षांचा नाना फडणीस होता. तो कसाबसा निसटला, आई हरवली, आणि पुढे त्याने छोटंसं आत्मचरित्र लिहिलं, त्यात हे येतं. त्यानंतर सुमारे शतकभराने झाशीतून निसटलेले गोडसे भटजी. दोघांच्याही लेखनात शौर्य कमी आणि भूक, भीती, पायपीट जास्त. सेनापतींची चरित्रं वाचून कान किटलेल्या वाचकाला ही जोडी हमखास लागू पडते.

## सहावी पायरी: सांगायचं कसं

एक पुस्तक सुचवा, फार तर दोन. वीस नावांची यादी पाठवली की समोरचा आभार मानतो आणि काहीच वाचत नाही.

“तुला आवडेलच” म्हणू नका. ते आव्हान वाटतं. “डोळ्यांत पाणी येईल” हे तर मुळीच नको, कारण मग वाचक पाणी येतंय का याचा पहारा देत बसतो. मी एवढंच सांगतो: पुस्तकात कोण बोलतंय, कशासाठी धीर धरावा लागेल, आणि कुठून सुरुवात केली तरी चालेल. उदाहरणार्थ: “पहिली तीस पानं घराण्याची आहेत, ती उडव. मुंबईला येतो तिथून वाच. आवडलं तर मागे ये.” पट्टीचे वाचक पानं उडवायला लाजतात. त्यांना कोणीतरी परवानगी द्यावी लागते.

जड पुस्तकाबद्दल आधी कल्पना द्या. हिंसा, लैंगिक अत्याचार, आजारपण, मुलाचा मृत्यू यांपैकी काही असेल तर आडपडदा न ठेवता एका वाक्यात सांगा. यात गोष्ट फुटत नाही. चरित्रात तसंही शेवट सगळ्यांना माहीत असतो.

आणि महिनाभर “वाचलंस का?” विचारू नका. हा प्रश्न वसुली करणाऱ्याच्या तोंडी शोभतो.

## सातवी पायरी: वही

मी एक साधी वही ठेवतो. माणसाचं नाव, पुस्तक, कधी सुचवलं, कुठे सोडलं, काय म्हणाला. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहायचे. “लेखक फार शहाणा आहे” असं कोणी म्हटलं तर ते पुढच्या पाच सुचवण्यांसाठी पुरतं. “छान आहे” असेल तर त्यापुढे फुली. दोन वर्षांनी ही वही चाळली की लोकांच्या आवडीबरोबर आपली खोडही दिसते. मी विनोदी माणसांची आत्मचरित्रं गंभीर लोकांना आणि गंभीर माणसांची विनोदी लोकांना देत सुटलो होतो, हे मला वहीमुळेच कळलं. त्यातली निम्मी लागू पडली, म्हणून ते अजून चालू आहे.

पुस्तक उसनं दिलं असेल तर तेही त्याच ओळीत लिहा. माझी ‘माझा प्रवास’ची पोतदारांची प्रत वहीप्रमाणे एका घरी आहे. त्या घरचे म्हणतात, आम्ही नेलीच नाही. मी सध्या दुसरी वापरतोय.